सुगीतली ज्वारी आणि थायलंडची रेघ

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या एका गावात त्या दिवशी ग्राम आरोग्य समित्यांची बैठक होती. आशाताया, दोन सरपंच, बचत गटाच्या बाया आणि मागे भिंतीला टेकून बसलेले चार-पाच म्हातारे. वर्षाचा आराखडा करण्याआधी आरोग्यावर पैसा नेमका कोण खर्च करतं, हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरचे आलेख दाखवायचं मी ठरवलं होतं. त्यातले आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींचे, २००० सालापासूनचे. देश निवडला की त्याची रेघ निघते.

आदल्या रात्री एका आकड्यानं मला छळलं होतं. आपल्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात, २०२१-२२ साली लोकांच्या खिशातून गेलेला वाटा ३९.४ टक्के आहे. आलेखात मात्र तो चाळीस आणि पन्नासच्या मधोमध. दोन्हींतला एक चुकीचा असणार, असं वाटत राहिलं. उलगडा झाला तो भागाकारात. आपला टक्का एकूण खर्चाचा, म्हणजे त्यात इमारती आणि यंत्रंसुद्धा आली. तिकडचा नुसत्या चालू खर्चाचा. भाजक लहान झाला की टक्का फुगतो. हे न बघता दोन्ही आकडे शेजारी मांडले असते, तर आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांना मी चुकीचं सांगितलं असतं.

बैठकीत पहिला आलेख माणशी खर्चाचा लावला. २०२२ मध्ये अमेरिका १२ हजार डॉलरच्या वर, आपण ८० च्या आसपास.

"मॅडम, आपली रेघ तं दिसूनच नाही राह्यली," एक आशाताई म्हणाली.

खरंच दिसत नव्हती, तळाला चिकटली होती. मी अमेरिका काढून टाकली, तेव्हा थायलंड, श्रीलंका आणि आपण वेगवेगळे दिसू लागलो. मग खिशातल्या वाट्याचा आलेख उघडला, त्यात पुन्हा अमेरिका घेतली, आणि खोली एकदम शांत झाली. एवढा महागडा देश, पण आजारी माणसाच्या हातून दवाखान्यात जाणारा पैसा साधारण ११ टक्के. बाकीचा सरकार आणि विमा यांच्याकडून. विम्याचा हप्ता या खिशातल्या खर्चात धरत नाहीत. आपली रेघ ७० च्या वरून उतरत आलेली. बांगलादेश अजून ७० च्या पुढे. थायलंड २००० साली एक-तृतीयांशाच्या आसपास होता, आता १० च्या जवळ. तिथे २००२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आली. एका भेटीला ३० बाट द्यायचे, उरलेलं करांच्या पैशातून.

"म्हणजे बिमार पडायच्या आधीच पैसा जमा," भिंतीजवळचे एक काकाजी म्हणाले. "आमी बी तसंच करत होतो ना जी. सेवाग्रामच्या दवाखान्यासाठी सुगीत ज्वारी द्याचो. ज्याचं वावर जास्त, त्याची ज्वारी जास्त. बिमार पडल्यावर पैसा कुठून आणान? सुगीत घरी दाणे राह्यते."

त्या योजनेबद्दल मी वाचलं होतं, पण थायलंडशी तिचा धागा माझ्या डोक्यात कधी जुळला नव्हता. जगभरच्या रेघा ज्या एका गोष्टीवरून वर-खाली होत होत्या, ती त्यांनी पायलीच्या मापात सांगितली. अंगात ताप असताना पैसे शोधायचे, की घरात दाणे असताना देऊन ठेवायचे.

मग मी आपल्या उतरत्या रेघेबद्दल बोलले. आपल्या राष्ट्रीय लेख्यात २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता तो वाटा ३९.४ वर आला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. सरकारचा खर्च वाढला, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण २०२१-२२ हे कोरोनाचं वर्ष होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. शिवाय टक्का उतरला म्हणजे रुपये उतरलेच असं नाही. एकूण खर्च वाढला तर लहान वाट्यातही रुपये जास्त बसतात. हे मला नीट सांगता येत नव्हतं, म्हणून फळ्यावर दोन भाकरी काढल्या, एक लहान, एक मोठी.

तेवढ्यात बचत गटातली एक बाई उठली. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत झालं होतं.

"ऑपरेशनचा एक पैसा नाही लागला. पण तिथं १८ दिवस राह्यलो. माही मजुरी पडली, त्यायची पडली. वेचणीचे दिवस होते. वापस आल्यावर सावकाराकडून घेतले, त्याचं व्याज अजून देऊन राह्यलो. हे तुमच्या रेघेत कुठं हाय?"

कुठंच नाही, मी म्हणाले. औषध, तपासणी, खाट हे धरतात. बुडालेली मजुरी आरोग्याच्या खर्चात येत नाही, व्याजही नाही. कोणत्याच देशाच्या रेघेत नाही.

ती उभीच होती. लॅपटॉप मिटून मी भिंतीवर मोठा कागद लावला. आमच्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मात दवाखाना, औषध आणि गाडीभाडं एवढेच रकाने होते. आशातायांनी तिथल्या तिथे आणखी दोन पाडले. पहिली नोंद तिचीच घेतली. दवाखाना शून्य. मजुरी पडली, दोघांचे मिळून ३६ दिवस.