दोरा कापला की खांदा सोडायचा

ऑक्टोबरची दुपार होती. जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत आठ बाय दहाचं शिलाईचं दुकान, आणि कापडाच्या ढिगाऱ्याशेजारी स्टुलावर माझा लॅपटॉप. पडद्यावरचा आलेख क्लिनिकमधल्या आलेखाशी अजिबात जुळत नव्हता. ताई त्याच, उजवा खांदा तोच, स्नायूतली वीज मोजणारं यंत्रही तेच. सहाव्या बैठकीला ३ मायक्रोव्होल्टवर शांत बसलेला स्नायू इथे १४ च्या खाली उतरत नव्हता.

ताईंचं वय ४६. बावीस वर्षं ब्लाउज शिवतायत. मानेच्या उजव्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंत दुखणं, संध्याकाळी दहापैकी सहा. हाताला मुंग्या नाहीत, ताकद कमी झालेली नाही, मान सगळ्या बाजूंना वळते. पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट दिसली होती: हात मांडीवर ठेवून नुसतं बसलं तरी ट्रॅपेझियसचा, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूचा, वरचा भाग ११ मायक्रोव्होल्टवर चालूच. आमच्या यंत्रावर सैल खांदा २ ते ४ दाखवतो. (हे आकडे दुसऱ्या यंत्राशी ताडून बघू नयेत. फिल्टर बदलला की आकडा बदलतो.) खांदा वर चढलेला आहे हे ताईंना जाणवतच नव्हतं. जे जाणवत नाही ते सोडणार कसं? म्हणून बायोफीडबॅक: आकडा ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर असेपर्यंत यंत्र बीप करतं, खाली उतरला की बीप थांबते.

मांडणी साधी आहे, पण घाई केली की फसते. मानेच्या तळाशी हाताला लागणारा मणका आणि खांद्याचं हाडाचं टोक यांच्यात रेघ धरायची. तिच्या मध्यापासून साधारण २ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत, दोन इलेक्ट्रोड (कातडीवर चिकटवायच्या चकत्या) २ सेंटिमीटर अंतरावर लावायचे. त्याआधी कातडी स्पिरिटने पुसून, गॉझने हलकी घासून पूर्ण वाळू द्यायची. तिसरा, म्हणजे संदर्भाचा इलेक्ट्रोड मणक्यावर. वायर टेपने चिकटवायची, लोंबकळली तर हलताना खोटे झटके येतात. डाव्या खांद्यावरही अशीच जोडी असते, तिथे हृदयाचे ठोकेही आलेखात शिरतात, ते स्नायूचं काम समजायचं नाही.

यापुढे यंत्राचं काम थोडं आणि शिकण्याच्या नियमांचं जास्त. शरीर शिकतं ते परिणामातून, आणि परिणाम लगेच कळला तरच. आमचं यंत्र आकडा ठरावीक काळाची सरासरी काढून दाखवतं, आणि तो काळ २ सेकंदांवर ठेवलेला होता. खांदा सुटल्यावर दोन सेकंदांनी बीप बंद व्हायची, तोवर ताईंनी मान हलवलेली असायची आणि शाबासकी त्या मानेला मिळायची. तो काळ पाव सेकंदावर आणला तेव्हा कुठे ताईंना धागा सापडला. दुसरं, उंबरठा. ११ वरून थेट ४ मागितले तर बीप थांबतच नाही आणि माणूस चिडून खांदा आणखी आवळतो. म्हणून आधी १०, मग ८.५, मग ७. दहातल्या सात वेळा जमेल इथे उंबरठा ठेवायचा. सगळ्याच वेळा जमायला लागलं की तो खाली सरकवायचा, पाचांहून कमी वेळा जमलं की निमूटपणे वर न्यायचा. शेवटच्या दोन बैठकींत निम्मे प्रयत्न आवाजाशिवाय घेतले. ताईंनी आकडा आधी सांगायचा, मग आम्ही पडदा वळवायचा. त्यांचा अंदाज एक-दीड मायक्रोव्होल्टच्या आत येत होता.

दुखणं मात्र सहाचं सहाच. म्हणून दुकानात जायचं ठरवलं.

पहिली शंका यंत्रावरच घ्यायला हवी. दुकानात ट्यूबलाइट, पंखा, मशीनची मोटर, म्हणजे विजेच्या तारांतला पन्नास हर्ट्झचा गोंगाट चारही बाजूंनी. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला. मोटरचा प्लग काढला तसा आलेख १४ वरून १२ वर आला, म्हणजे दोन विजेचे होते. मग ताईंना खांदे कानापर्यंत उचलून सोडायला सांगितलं. विजेचा गोंगाट जाड, सपाट पट्ट्यासारखा दिसतो, स्नायू आवळला किंवा सोडला तरी तो पट्टा तसाच राहतो. इथे आलेख वर गेला आणि परत येऊन बाराच्या आसपास थरथरत राहिला. म्हणजे हा स्नायूच होता. घामाने एक इलेक्ट्रोड कडेने सुटला होता, तो बदलून पुन्हा पाहिलं. तेच.

मी म्हटलं, "ताई, क्लिनिकमध्ये खांदा सोडता ना, तसाच इथे सोडून दाखवा."

त्या क्षणभर थांबल्या. हातातली बाही खाली ठेवली, स्टूल मागे सरकवलं, दोन्ही कोपरं मांड्यांवर टेकवली आणि दाबली. डोळे घट्ट मिटले. आलेख ३ वर.

"असंच ना, मॅडम?"

सहा बैठकींत त्या हेच शिकल्या होत्या. कोपर मांडीवर दाबलं की हाताचा भार मांडी घेते, पाठीचे स्नायू खांद्याला खाली ओढून धरतात आणि वरचा ट्रॅपेझियस गप्प होतो. बीप थांबायची, शाबासकी मिळायची. यंत्राला सैल होणं आणि दाबून धरणं यातला फरक कळत नाही, त्याला फक्त इलेक्ट्रोडखालचा आकडा कळतो. आवाज काढून घेतलेल्या बैठकींतही हे उघडं पडलं नाही, कारण मांडी तेव्हाही जागेवरच होती. माझं लक्ष पडद्यावर होतं, कोपरांवर असायला हवं होतं.

मिटलेल्या डोळ्यांचा प्रकार वेगळा. त्यांचा आकड्याशी संबंधच नव्हता. मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९४८ साली कबुतरांचा प्रयोग मांडला. दाणे ठरावीक वेळाने आपोआप पडायचे, पण दाणा पडला त्या क्षणी पक्षी जे करत असेल, गोल फिरणं असो की मान झटकणं, तेच तो पुन्हा पुन्हा करायला लागला. पहिल्यांदा बीप थांबली तेव्हा ताईंचे डोळे मिटलेले असणार. ही सवय निरुपद्रवी होती. कोपराची सवय नव्हती, कारण शिवताना दोन्ही हात कापडावर असतात, ते मांडीवर टेकणार कसे?

मग तिथेच नव्याने सुरुवात केली. डाव्या खांद्याची जोडी काढून ती उजव्या काखेखाली, पाठीच्या लॅटिसिमस स्नायूवर लावली. आता नियम दुहेरी: वरचा आकडा उतरला पाहिजे आणि खालचा चढता कामा नये. दाबलं की दुसरी बीप. पहिली पंधरा मिनिटं ताईंना काहीच जमेना, आणि ते साहजिक होतं. जुनं उत्तर चालेनासं झालं की माणूस आधी तेच जास्त जोर लावून देतो. उंबरठा पुन्हा १० वर नेला.

मधल्या वेळात बसण्याची उंची मोजली. स्टूल बुटकं होतं, मशीनच्या फळीपाशी कोपर बाहेरून उचलावं लागत होतं. उचललेला हात धरून ठेवायला ट्रॅपेझियसला काम करावंच लागतं, तिथे शिकवून उपयोग नाही. शेजारच्या सुतारकामाच्या दुकानातून दोन इंची फळी आणून स्टुलाखाली घातली. शिवतानाचा आकडा १२ वरून ९ वर आला. ही तीन मायक्रोव्होल्टची घट फळीची, ताईंच्या शिकण्याची नव्हे. हा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर श्रेय चुकीच्या जागी जातं.

उरलेले नऊ कामाचे होते, ते शून्य करायचे नव्हतेच. प्रश्न होता मधल्या विसाव्यांचा, म्हणजे काम चालू असताना स्नायू क्षणभर सैल होण्याचा. नॉर्वेत व्हेयरस्टेड, वेस्टगार्ड आणि अँडरसन यांनी चॉकलेट पॅक करणाऱ्या बायकांच्या खांद्यांची नोंद ठेवली होती. १९९३ च्या त्यांच्या लेखात दिसतं की ज्यांना पुढे दुखणं लागलं त्यांच्या आलेखात हे निमिषभराचे विसावे आधीपासूनच कमी होते. स्वीडनचा संशोधक हॅग याने १९९१ मध्ये कारण सुचवलं: स्नायूतले काही बारीक धागे सगळ्यांत आधी कामाला लागतात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. खांदा पूर्ण सैल झाला नाही तर ते दिवसभर जुंपलेलेच. त्याने त्याला परीकथेतल्या, सगळ्यांत आधी उठून सगळ्यांत शेवटी झोपणाऱ्या सिंड्रेलाचं नाव दिलं. आमच्याकडच्या घरांत अशी एक बाई असतेच, तिला नाव द्यावं लागत नाही.

ताईंच्या दहा मिनिटांच्या शिलाईत ५ मायक्रोव्होल्टच्या खालचे विसावे होते दोन. दोरा मात्र त्यांनी तेवढ्या वेळात सव्वीस वेळा कापला होता. खूण आयतीच सापडली. "मधूनमधून खांदा सोडा" असं सांगून काही होत नाही, कारण 'मधूनमधून' ही काही घडणारी गोष्ट नाही. दोरा कापणं घडतं. त्यालाच साखळी जोडली: पाय पॅडलवरून, सुई वर, दोरा कच्चकन कापला, कात्री खाली, दोन्ही हात बाजूला लोंबते, एक श्वास बाहेर, मग पुढचा तुकडा. शिकवताना शेवटच्या दुव्यापासून सुरुवात केली. आधी फक्त हात लोंबते सोडणं, मग कात्री ठेवून सोडणं, असं मागे मागे. कापल्यानंतर दोन सेकंदांत आकडा ५ खाली गेला तरच छोटी घंटी. शिवताना आवाज पूर्ण बंद.

साडेसहापर्यंत सव्वीसातले अकरा जमले. नवव्यानंतर त्यांनी कात्री खाली ठेवली आणि घंटी वाजायच्या आधीच म्हणाल्या, "हा झाला." झाला होता.

पुढे आठवड्यातून एकदा, चार वेळा दुकानातच बैठक घेतली. घंटी आधी दर वेळी, मग दोनदा-तीनदा जमल्यावर एकदा, मग कधीतरी. अशी विरळ केलेली शाबासकी बंद झाली तरी सवय टिकते. दर वेळी मिळणारी थांबली की सवयही लगेच ढेपाळते. चौथ्या बैठकीला यंत्र लावलं पण आवाज नाही, घंटी नाही: पंचवीसपैकी एकोणीस. संध्याकाळचं दुखणं सहावरून तीनवर. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ते पुन्हा पाचवर गेलं, कारण रात्री अकरापर्यंत मशीन चालू होती.

सॅटिनच्या ब्लाउजला अजून जमत नाही. कापड घसरतं म्हणून दोरा कापल्यावरही डावा हात ते धरून ठेवतो आणि उजवा खांदा त्याच्याबरोबर वरच राहतो. परवापासून मुंढा जोडण्याआधी टाचण्या लावून बघतोय, चार चार बोटांवर एक.