एवढंसं पान, मग इतका वेळ का?

हाताने खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून छापतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: "वीस ओळींचं एक पान, प्रती दोनशे. याला इतके दिवस कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई यंत्रावर सराईत माणूस तासाला पाच-सहाशे कागद सहज काढतो, म्हणजे तुमच्या दोनशे प्रती छापायला तासभरही लागत नाही. बाकीचा सगळा वेळ पानावर जे उमटत नाही त्यात जातो.

सुरुवात जुळणीपासून. स्टिक (ओळ जुळवायची हातातली पट्टी) डाव्या हातात, ओळीची लांबी पायका एम या छपाईच्या मापात पक्की केलेली (12 पॉइंटचा एक पायका, सहा पायका म्हणजे जवळजवळ एक इंच). खिळ्याची खाच वरच्या बाजूला ठेवून अक्षरं डावीकडून उजवीकडे लावत जायची. ती उलटी दिसतात, आणि तशीच वाचायची सवय करावी लागते. शेवटचा खिळा डाव्या अंगठ्याने धरलेला असतो. ओळ भरत आली की खरं काम सुरू होतं. शब्दांमधली जागा आधी एमच्या (टाइपच्या पॉइंट-मापाएवढ्या रुंदीच्या) तिसऱ्या हिश्शाच्या स्पेसने, म्हणजे ठसा न उमटणाऱ्या खिळ्याने, भरलेली असते. ती बदलून कुठे चौथ्या हिश्शाची, कुठे पाचव्या हिश्शाची घालायची, आणि तरीही फट राहिली तर एक पॉइंटची पितळी किंवा अर्ध्या पॉइंटची तांब्याची पट्टी. ओळ आधाराशिवाय स्टिकमध्ये उभी राहिली पाहिजे, पण अंगठ्याने ढकलली तर सरकलीही पाहिजे. स्पेस डोळ्यांसाठी असते असं वाटतं, पण आधी ती मजबुतीसाठी असते. एखादी ओळ अर्धा पॉइंट जरी आखूड राहिली, तरी फर्मा (चौकटीत बसवलेला सगळा मजकूर) आवळताना सगळा दाब शेजारच्या ओळी घेतात आणि या ओळीतले खिळे उचलताना खाली गळतात. चालत्या मशीनमध्ये ते वर सरकले तर शाईचे रोलरही चिरतात.

देवनागरीत यावर आणखी एक थर चढतो. रोमनमध्ये सगळी अक्षरं एक-दोन केसमध्ये (खिळ्यांच्या खाने असलेल्या पेट्यांत) मावतात. आपल्याकडे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, उकार, रफार धरून प्रकारच काही शे होतात, त्यामुळे हात सारखा लांबवर जात राहतो. रफार किंवा वेलांटीचा भाग काही खिळ्यांत अंगाबाहेर आलेला असतो आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकतो. खिळे जोरात दाबून बसवले की हाच भाग तुटतो. शिरोरेषा तर एकही चूक लपू देत नाही. मागच्या छपाईची वाळलेली शाई खिळ्याच्या कडेला केसाएवढी जरी राहिली, तरी दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेत फट दिसते. वाचणाऱ्याला वाटतं टाइप झिजला. बहुतेक वेळा तो फक्त नीट धुतलेला नसतो.

मग चेस, म्हणजे फर्मा आवळायची धातूची चौकट. सपाट दगडावर मजकूर, भोवती लाकडी किंवा धातूचं फर्निचर (रिकामी जागा भरणारे ठोकळे) आणि दोन बाजूंना कॉइन (आवळायच्या पाचरी). कॉइन आधी हलके आवळायचे, प्लेनर (सपाट लाकडी ठोकळा) ठेवून लाकडी हातोडीने हळूच ठोकायचं, म्हणजे खिळे पायावर सरळ बसतात, आणि त्यानंतर पूर्ण आवळायचे. चेसचा एक कोपरा जरासा उचलून, खाली कॉइनची चावी सरकवून, बोटांनी सगळीकडे दाबून पाहायचं. हलेल ती ओळ परत स्टिकमध्ये. सैल वाटतंय म्हणून कॉइन आणखी आवळू नयेत. जास्त आवळलं की फर्म्याचा मधला भाग वर फुगतो आणि मधल्या ओळी काळ्या, कडेच्या फिक्या येतात.

यापुढे मेकरेडी, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा उठावा म्हणून करायची तयारी. माझ्या मते छापणाऱ्याचा हात इथेच ओळखू येतो. खिळ्याची उंची 0.918 इंच, म्हणजे सुमारे 23.32 मिलिमीटर. युरोपात डिडो पद्धतीचे खिळे 23.56 मिलिमीटरचे. जुना टाइप गोळा करताना हे दोन मिसळले तर पाव मिलिमीटरच्या फरकाने काही अक्षरं कागद फाडू पाहतात आणि काहींचा ठसाच उठत नाही. एकाच उंचीचे खिळेही सारखे झिजत नाहीत. जास्त वापराचे खिळे बुटके होतात, क्वचित लागणारे नवे राहतात. म्हणून पहिली प्रूफ काढायची, ती उलटी करून तिरप्या उजेडात धरायची. मागच्या बाजूला ठसा कुठे उठलाय, कुठे नाही, हे समोरून पाहण्यापेक्षा स्वच्छ कळतं. फिक्या जागी पेन्सिलीने खूण करायची, त्या आकाराचा टिश्यू कागद कापून टिंपनखालच्या (छापायचा कागद ज्यावर टेकतो त्या आवरणाखालच्या) कागदावर नेमक्या त्या जागी चिकटवायचा, पुन्हा प्रूफ. हे तीन-चार वेळा तरी होतं. एक कोपरा फिका आला म्हणून सगळाच दाब वाढवणं सोपं, पण त्याने चांगले खिळे झिजतात आणि कागदाच्या पाठीवर खड्डे पडतात. खोल ठसा आजकाल लोक मुद्दाम मागतात. शिशाच्या टाइपवर तो मी देत नाही. फोटोपॉलिमरची (प्लॅस्टिकसारखी, एकसंध) प्लेट असेल तर देतो, ती परत करून घेता येते.

शाई कमीच घ्यावी. मशीनच्या शाईच्या डिस्कवर वाटाण्याएवढी घालून रोलर फिरवायचे, हळू सळसळ ऐकू आली पाहिजे. चिकट चटचट आवाज आला तर शाई जास्त झाली, आणि 'ष'च्या पोटातली जागा बुजणारच. रोलर फार खाली बसला असेल तर तो खिळ्याच्या माथ्यावरून जाण्याऐवजी कडेवर आपटतो आणि अक्षराला एका बाजूने काळी किनार येते. सरस-ग्लिसरीनचे जुने रोलर दमट हवेत फुगतात, तेव्हा हीच चूक कारण नसताना उपटते.

कागद छपाईच्या आदल्या दिवशीच त्या खोलीत आणून ठेवावा. दोन रंगांचं काम असेल तर हे टाळू नये, कारण पहिल्या आणि दुसऱ्या छपाईमध्ये कागद ओल्या हवेने वाढला की रंग एकमेकांवर बसत नाहीत, कागद जागेवर धरणाऱ्या पिना कितीही नेमक्या लावल्या तरी. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने यावी, आडवी आली तर ती फुटते.

छापून झाल्यावर फर्मा धुवायचा, मोकळा करायचा आणि एकेक खिळा आपापल्या खान्यात परत टाकायचा. जुळणीपेक्षा याला वेळ कमी लागतो, पण घाई केली तर 'घ'च्या खान्यात 'ध' जातो आणि पुढच्या कामात तीच चूक प्रूफमध्ये भेटते. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नये, ते शिशाचं संयुग असतं. ओल्या फडक्याने पुसावं, आणि खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

एक विनंती. फर्मा आवळल्यावर "फक्त एक शब्द बदला" असा निरोप येतो. 'आणि' काढून 'व' घालायचा, तर ती ओळ आखूड होते, पुढच्या ओळीतला शब्द वर येतो, आणि परिच्छेद संपेपर्यंत प्रत्येक ओळ पुन्हा स्टिकमध्ये घेऊन जागा बसवावी लागते. मेकरेडीही त्या भागापुरती नव्याने. म्हणून तारीख देण्याआधी मी विचारतो, मजकूर पक्का झाला का, आणि घरातल्या आणखी कुणी वाचला का.