एक ते चार बंद

पुण्यातल्या दुकानांच्या 'एक ते चार'वर इतके विनोद होऊन गेलेत की आता खुद्द पुणेकरांनाही ते ऐकताना जांभई येते. मिठाईवाल्या चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारची सुट्टी सोडली, तर त्याचीही बातमी झाली. पण घरून काम करायला लागल्यापासून मला त्या दुपारच्या कुलपाबद्दल फार आदर वाटू लागलाय. आमच्या कंपनीच्या आरोग्यविषयक वेबिनारमध्ये जे कधीच सांगत नाहीत, ते पेठेतल्या दुकानदाराला न शिकवता कळलं होतं.

हिशेब सोपा आहे. हा माणूस सकाळी आठला फळ्या काढणार आणि रात्री साडेआठ-नऊला लावणार. घर बहुतेक वरच्याच मजल्यावर, नाहीतर मागच्या चौकात. दुकान आणि संसार यांच्यात काय तो एक जिना. अशा माणसाने मध्ये दार ओढून घेतलं नाही तर गिऱ्हाईक त्याला आमटी-भातावरून उठवणार, हे ठरलेलं. म्हणून कुलूप आणि म्हणून पाटी. पाटी उद्धट असायची, मान्य. पण नम्र पाटी वाचतं कोण?

आमच्याकडे तर जिनाही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी, म्हणजे पुण्याची आयटीनगरी, लॅपटॉपच्या बॅगेतून आमच्या कोथरूडच्या घरात शिरली, ती आठवड्यातले दोन दिवस सोडले तर अजून गेलेली नाही. वाकडच्या पुलाखालच्या ट्रॅफिकचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. त्या रस्त्याने माझ्या आयुष्यातल्या अनेक संध्याकाळी खाल्ल्यात. तरी एक मात्र होतं. कंपनीची बस चांदणी चौकात येईपर्यंत डोक्यातलं ऑफिस आपोआप गळून पडायचं. आता लॅपटॉप मिटला की दोन पावलांवर ओटा. मॅनेजरचं वाक्य डोक्यात तसंच असतं आणि हातात लसूण.

त्यात 'घरीच आहेस ना' हे वाक्य. घरून काम करणाऱ्यांवर, आणि त्यातही बायकांवर, याच्याइतका अन्याय दुसऱ्या कुठल्या वाक्याने केला नसेल. घरीच आहेस ना, मग सिलिंडर घे. घरीच आहेस ना, टाकी साफ करायला माणसं येतील, त्यांना गच्चीची किल्ली दे. शेजारच्यांचं पार्सल, वॉचमनचा इंटरकॉम, सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणी घरी आहे का?' असा केविलवाणा प्रश्न. माझा नवराही त्याच घरात, बाजूच्या खोलीत, तितकाच घरी असतो. पण कुरिअरवाल्याची बेल वाजली की तो 'मीटिंगमध्ये' असतो आणि मी 'घरी'.

बरं, काम नेमकं कधी असतं? आमचं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तेव्हापासून नऊ-साडेनऊपर्यंत खरी बोलणी चालतात. म्हणजे रात्रीचा गल्ला भरायचाच आहे. तरीही सकाळी नऊपासून आम्ही सगळे चॅटमधला तो हिरवा ठिपका जपत बसलेलो असतो. जरा उठलं की ठिपका पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की आपणच कामचुकार ठरल्यासारखं वाटतं. माउस हलवण्यापुरतं जेवणावरून उठणारे लोक मी पाहिलेत. दुपारी एकला आपण कुणासाठी हजर आहोत, असा प्रश्न मला पडला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. ज्यांच्यासाठी दुकान उघडं ठेवलं, ते गाढ झोपेत!

त्या दिवशी मी कॅलेंडरवर दीड ते तीन हा चौकोन लाल केला आणि त्यात मराठीत 'जेवण' असं लिहून टाकलं. टीममधल्या नागपूरच्या मुलाने विचारलं, "ताई, दीड तास जेवता?" म्हटलं, नाही रे, दीड तास बंद असते. चारपर्यंत ताणायची हिंमत मात्र झाली नाही. तेवढं पुणेरीपण आमच्या पिढीत उरलेलं नाही.

या दीड तासात काय करते? फार काही नाही, आणि तेच तर हवं असतं. लॅपटॉप मिटायचा आणि त्यावर मशीनची जुनी खोळ टाकायची. आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, शिलाई मशीन विकलं तेव्हा एवढी एक खोळ मागे राहिली होती. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, कडेला नाडी, एका कोपऱ्यात मशीनच्या तेलाचा न जाणारा डाग. वर्षानुवर्षं ब्लाउज शिवून त्या दुपारी मशीन झाकायच्या. खोळ पडली की कुठलीही बाई 'जरा हुक तेवढे लावून द्या' म्हणत आली तरी उत्तर एकच : "आता झाकलंय." लॅपटॉप झाकला की मीही तेच म्हणते. स्क्रीन नुसती मिटली तर फटीतून तो उजेड डोळा मारत राहतो. खोळीचं तसं नाही.

मग ताट वाढून घ्यायचं आणि टेबलावर बसून जेवायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पूर्वी डाव्या हाताने ईमेल पुढे सरकवत जेवायचे, तेव्हा भाजी कोणती होती तेही रात्री आठवायचं नाही. जेवणानंतर वामकुक्षी. डाव्या कुशीवर, वीस मिनिटं, पडदा न ओढता. पडदा ओढला की ती वामकुक्षी राहत नाही, झोप होते. अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे गेलं की माणूस उठतो तो जड डोक्याने, आणि पुढचा तासभर स्वतःवर चिडलेला असतो. हे ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं पडावं, पण आडवं व्हावं. आमच्या जेवणाच्या खुर्च्या जेवायला बनवलेल्या आहेत, नऊ तास बसायला नाहीत, हे पाठीला रोज नव्याने समजावून सांगावं लागतं.

डोळ्यांचे डॉक्टर वीस-वीस-वीस सांगतात : दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांबचं काहीतरी, वीस सेकंद पाहा. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, म्हणून हा उतारा. सल्ला उत्तम आहे, पण आमच्या फ्लॅटमध्ये सलग वीस फूट नाहीतच. त्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या विंगेत बघावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबाही नेमके तेव्हाच गॅलरीत येतात. पहिले काही दिवस आम्ही दोघंही संकोचलो. आता ते हात करतात, मीही करते. त्यांचाही डॉक्टर तोच असावा.

घरून काम म्हणजे काहीतरी नवीन, असं आम्ही लॅपटॉपवाले उगाच समजतो. सोलापूरला जाऊन बघा. तिथे हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करतायत. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा आणायचा, मांडीवर सूप घेऊन बसायचं, पानं कापायची, विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी दर हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पोरगं पायाशी, चुलीवर भात आणि बोटं चालू. त्यांच्या दिवसाला कुलूप नाही, कारण बोटं थांबली की मजुरीही थांबते. कसला समतोल आणि कसलं काय! तेव्हा दुपारी खोळ टाकता येणं ही शिस्त वगैरे नाही, ती ऐपत आहे. महिन्याचा पगार ठरलेला आहे म्हणून मला दीड तासाचा थाट परवडतो. ज्यांना तो परवडतो त्यांनीही तो घेऊ नये, याचं मात्र नवल वाटतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून सुटका मिळण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. मात्र १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा तूर्त खोळीवरच भिस्त.

संध्याकाळचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही. साडेपाचला मी चपला घालून सोसायटीला दोन फेऱ्या मारते. भाजीवाल्याशी बोलते, इस्त्रीचे कपडे आणते, आणि परत येऊन कामाला बसते, जणू आत्ताच ऑफिसला पोचले. मग मीटिंग, मग जेवण. ही घडी उन्हाळाभर छान चालते. नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आमच्या घरातलं सगळं एक तास पुढे सरकतं. साडेसहाची मीटिंग साडेसातला होते, आणि साडेसात ही आमच्या आईंची भाकरीची वेळ. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा त्यांचा नियम, आणि त्याला अपवाद नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना हे सगळं नीट समजावलं. तिकडे दिवस लहान होतो, म्हणून ते घड्याळ मागे घेतात, मार्चमध्ये पुन्हा पुढे नेतात वगैरे. त्यांनी पीठ मळता मळता शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वर्षातून दोनदा बदलतात?"

"हो."

"मग त्यांना सवय आहे की. यंदा त्यांनाच सांग बदलायला."