काल मुंबईचा रॅपर डिव्हाइनला लाइव्ह ऐकलं!

आवाज पार बसलाय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अंधेरीच्या जे. बी. नगरातून आलेला हा माणूस काल डोळ्यांसमोर उभा होता. २०१५ साली रॅपर नेझीसोबतचं त्याचं 'मेरे गली में' हे गाणं आलं तेव्हापासून ऐकतोय, पण बेस छातीत धडधडायला लागला आणि कळलं, हेडफोनवर आपण निम्मंच ऐकलं होतं!

एका कडव्याला डीजेने बीटच थांबवला. माइक आमच्याकडे वळला आणि अख्खी गर्दी शब्दन् शब्द म्हणत सुटली, श्वास कुठे घ्यायचा त्यासकट. शेजारचा घामाने निथळणारा अनोळखी पोरगा माझ्या खांद्यावर हात टाकून ओरडत होता.

आपल्या मुंबईच्या बोलीत, आपल्या वस्तीबद्दल कुणी इतकं बिनधास्त बोलतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

पुढच्या शोला कोण कोण येतंय? आत्ताच सांगा रे!