व्हिटनीची दुसरी क्लिप

न्यूज चॅनेलमध्ये शांततेची सगळ्यांना धास्ती असते. दोन सेकंद काही ऐकू आलं नाही की टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसात बोलायच्या लाइनवर, ओरडा सुरू होतो, ‘ऑडिओ गेला का?’ म्हणून प्रत्येक पॅकेजखाली (आधी जोडून ठेवलेल्या बातमीखाली) म्युझिक, प्रत्येक व्हिज्युअलवर व्हीओ, म्हणजे निवेदन, आणि लाइव्ह फीड आलं की त्यावर अँकर बोलणारच. मी पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या कंट्रोल रूममध्ये, ऑडिओ कन्सोलवर बसतो. अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन गेली त्या आठवड्यात या सवयीशी माझं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

१२ फेब्रुवारी २०१२, रविवार. एजन्सीचा फ्लॅश आला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजत होते. तिथे अजून शनिवारची संध्याकाळ होती आणि संगीतातले ग्रॅमी पुरस्कार दुसऱ्या दिवशी होते. बेव्हर्ली हिल्समधल्या बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात, तिच्या खोलीतल्या बाथटबमध्ये ती सापडली. वय ४८. कारण कुणालाच माहीत नव्हतं, तरी थोड्याच वेळात पडद्याखाली आमची पट्टी धावायला लागली: ‘ड्रग्जने घेतला बळी?’ प्रश्नचिन्ह लावलं की काहीही म्हणायला मोकळे, असं आमच्या धंद्यात मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, कॉरोनरचा, निष्कर्ष मार्चमध्ये आला: पाण्यात बुडून मृत्यू, त्याला हृदयाच्या धमन्यांचा आजार आणि कोकेन यांची जोड. म्हणजे पट्टी अगदी खोटी ठरली नाही. पण त्या सकाळी ती माहिती नव्हती, निव्वळ अंदाज होता, आणि एका बाईचा देह अजून थंडही झाला नव्हता.

नऊच्या बुलेटिनसाठी पॅकेज तयार झालं आणि लेव्हल बघायला माझ्याकडे आलं. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ने सुरुवात होती, ते साहजिकच. पण एडिटरने गाण्याच्या तोंडालाच खाली पियानो अंथरला होता, लायब्ररीतला, ‘सॅड’ नावाच्या फोल्डरमधला. म्हणाला, “रिकामं वाटत होतं ना.”

यावर मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण माझं सगळं काम याच गोष्टीभोवती फिरतं. हे गाणं मुळात डॉली पार्टनचं, १९७४ सालचं. व्हिटनीने ते ‘द बॉडीगार्ड’साठी १९९२ मध्ये गायलं आणि अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तिच्या गाण्यात पहिला पाऊण मिनिट कुठलंही वाद्य नाही. तानपुरा नाही, तबला नाही, सूर धरून ठेवायला मागे कुणीच नाही. हा आग्रह सिनेमातला तिचा नायक केव्हिन कॉस्टनर याचा. असं उघडं गाणं रेडिओवाले वाजवणार नाहीत, अशी रेकॉर्ड कंपनीला भीती होती. इथे आवाज जरासा घसरला तर झाकायला काही नाही. ती श्वास घेते तोही ऐकू येतो. शब्दाचं शेवटचं अक्षर ती कुठे सोडते, कुठे लांबवते, हे हेडफोनवर ऐकलं तर अंगावर काटा येतो. मग वाद्यं एकेक करून आत येतात, कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन येतो, एक क्षण सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि ती गाण्याची पट्टी पूर्ण एका स्वराने वर नेऊन सुटते. त्या ठोक्याला जो जोर आहे तो सुरुवातीच्या रिकामेपणातून आलेला आहे. तिथे पियानो घातला की पुढचं सगळं फुकट.

मी पियानो काढून टाकला. एडिटर कुरकुरला, पण वेळ नव्हता. पॅकेज तसंच गेलं.

आठवडा असाच गेला. शनिवारी १८ तारखेला अंत्यविधीचा दिवस. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरातलं न्यू होप बॅप्टिस्ट चर्च, तिथल्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. मी नाइटला होतो. आम्ही ते पूर्ण लाइव्ह दाखवणार नव्हतो. अकराच्या बुलेटिनमध्ये थोडं घ्यायचं, बाकी रेकॉर्ड करून रविवारी सकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा. फीड दोन वाजून गेले तरी चालूच होतं. माझ्यावर बंधन नव्हतं, पण मी हेडफोन काढला नाही.

चर्चचा आवाज मिक्स करणं किती अवघड असतं हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या चॅनेलच्या शेवटी एक लेव्हलर-लिमिटर असतो, तो हळू आवाज वर ओढतो आणि मोठा आवाज दाबतो, म्हणजे घरी बसलेल्याला सगळं एकाच उंचीचं ऐकू यावं. राजकारण्यांच्या पत्रकार परिषदेला ते ठीक आहे. पण काळ्या बॅप्टिस्ट चर्चमधलं प्रवचन कुजबुजीतून सुरू होतं. प्रवचनकार एक वाक्य बोलतो, समोरून कुणीतरी ‘आमेन’ म्हणतं, ऑर्गन दोन स्वरांत उत्तर देतो, त्याचा आवाज वाढतो, लोक उठून उभे राहतात, आणि बोलणं कधी गाणं झालं ते समजत नाही. ही चढण लिमिटरमधून गेली की सपाट होते. मी फीडचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा खटका, हाताने चालवत राहिलो, म्हणजे लिमिटरला पकडायला काही मिळू नये. रेकॉर्डिंगमध्ये ती चढण शाबूत आहे. त्या रात्रीच्या कामाचा मला अभिमान आहे.

अकराच्या बुलेटिनमध्ये मात्र कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, ऐन रंगात असताना अँकर त्यावर तिच्या नवऱ्याचं व्यसन आणि घटस्फोट सांगत होता. मी टॉकबॅकवर दोनदा म्हटलं, “जरा गाऊ द्या.” उत्तर आलं, “लोकांना इंग्रजी भजन काय कळणार?”

कळतं हो. कीर्तन ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे जितकं लवकर कळेल तितकं कदाचित अमेरिकेतल्या गोऱ्या माणसालाही कळणार नाही. देवाचं नाव घेत घेत गळा तयार होतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. व्हिटनीचा गळा याच चर्चमध्ये तयार झाला. आई सिसी ह्यूस्टन तिथल्या कॉयरची प्रमुख. ती स्वतः जबरदस्त गाणारी, अरीथा फ्रँकलिन आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्या मागे गायलेली. गायिका डिऑन वॉरविक ही मावसबहीण. मुलगी अकरा वर्षांची असताना याच चर्चमध्ये पहिल्यांदा एकटी गायली, तेही स्तोत्रच. पुढे १९८५ चा पहिला अल्बम, सलग सात गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, १९९१ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, आखाती युद्ध चालू असताना गायलेलं राष्ट्रगीत. त्या राष्ट्रगीताचा मूळचा तीन मात्रांचा ठेका मोडून चार मात्रांचा केला होता, म्हणजे तिला दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा मिळावी. आवाज आधी रेकॉर्ड केलेला होता म्हणून काही लोक अजून नाकं मुरडतात. भरल्या स्टेडियममध्ये स्वतःचाच आवाज उशिरा कानावर आदळत असतो; कुठलाही ऑडिओवाला तोच सल्ला देईल. जागा घेऊन गायची ही रीत तिने चर्चमध्ये उचलली होती. १९९६ मध्ये ‘द प्रीचर्स वाइफ’ या सिनेमासाठी जॉर्जिया मास कॉयरबरोबर ती गायली, तो गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिसंगीताच्या इतिहासात सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. हे सगळं पॅकेजमधून गळालं होतं. त्यात बाथटब होता, नवरा होता आणि बक्षिसं होती.

मध्यरात्रीनंतर मार्विन वायनन्स उभे राहिले. डेट्रॉइटचे पाद्री, १९९२ मध्ये तिचं लग्न यांनीच लावलं होतं. बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायावर बोलले: काय खाऊ, काय नेसू याची चिंता करू नका, आधी देवाचं राज्य शोधा. शोकसभेत असं खणखणीत बोलता येतं, हे आमच्या पीसीआरमधल्या पोरांना नवीन होतं. कॉस्टनर बोलला तेव्हा सगळे गप्प झाले. तो आणि व्हिटनी दोघंही बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढलेली, हे त्याने आवर्जून सांगितलं, आणि एवढं यश मिळूनही मी पुरेशी चांगली आहे का हा प्रश्न तिला कसा सोडत नव्हता, तेही. स्टीव्ही वंडर गायला, अ‍ॅलिशिया कीज गाता गाता गहिवरली. शेवटी शवपेटी खांद्यावर निघाली आणि स्पीकरवर तिचं तेच गाणं लागलं. मागे सिसी, दोन्ही बाजूंनी आधार दिलेली. ग्राफिक्सवरची आमची सहकारी स्वतः चर्चच्या कॉयरमध्ये गाते. ती डोळे पुसत होती आणि त्याच वेळी मेणबत्ती आणि गुलाबाचा तो ठरलेला ग्राफिक काढून टाकत होती. “हे इथे शोभत नाही,” एवढंच म्हणाली.

पहाटे कार्यक्रम जोडायला घेतला. प्रोड्यूसर माझ्यापेक्षा लहान, कामाला पक्की. शेवटाला पुन्हा १९९२ चं गाणं ठेवायचं तिने ठरवलं होतं. मी म्हटलं, एक दुसरी क्लिप आहे.

मरणाच्या दोन दिवस आधी, ९ फेब्रुवारीला, हॉलिवूडमधल्या एका क्लबात ग्रॅमीपूर्वीची पार्टी होती. केली प्राइस या गायिकेबरोबर व्हिटनी स्टेजवर गेली आणि ‘येस, जीझस लव्ह्ज मी’च्या काही ओळी गायली. चर्चच्या रविवारच्या वर्गात लहान मुलांना शिकवतात ते गाणं. लोकांसमोर गायलेलं तिचं हे शेवटचं गाणं. फोनवर काढलेला व्हिडिओ, आवाज फाटलेला, मागे गोंगाट, आणि तिचा गळा बसलेला. वर जायचं तिथे ती जात नाही. खालीच राहते, शब्द जवळजवळ बोलते.

प्रोड्यूसरने ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिली. “दादा, असला ऑडिओ आला तर तुम्हीच परत पाठवता.”

“हो. पण हा ठेवू या.”

“लोकांनी तिला ज्या आवाजासाठी डोक्यावर घेतलं, तो गेला हे दाखवून आपण काय मिळवणार? बाकीची चॅनेलं आठवडाभर हेच करतायत. बघा हिची काय दशा झाली म्हणत तीच क्लिप चालवतायत.”

तिचं म्हणणं खरं होतं. मी एवढंच म्हणालो की ती क्लिप ‘दशा’ म्हणून चालते कारण तिच्यावर व्हीओ असतो. कॉयरनंतर, वायनन्सनंतर, वर कुणी काही न बोलता लावली तर वेगळं ऐकू येईल. लाखो लोकांनी आवाज उचलून धरला तेव्हा श्रद्धेने गाणं सोपं असतं. सगळं हातातून निसटल्यावर, व्यसनाशी वर्षानुवर्षं झगडून, गळा साथ देत नसताना माणूस कुठलं गाणं निवडतो? २००९ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही मुलाखतीत तिने स्वतःच्या व्यसनाबद्दल उघडपणे सांगितलं होतं. तिला लपवायचं काही उरलेलं नव्हतं. ती पापी होती की पवित्र, हे ठरवणारे आम्ही कोण? पण ती देवाला सोडून गेली नव्हती, हे त्या काही सेकंदांत ऐकू येतं. मला ऐकू येतं.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी क्लिप राहिली, व्हीओशिवाय, खाली फक्त तारीख आणि ठिकाण. मी गोंगाट थोडा कापला, तिच्या आवाजाला हात लावला नाही. ‘क्लीन’ करण्याची सोय होती. तिचा खरखरीतपणा बराचसा घासून काढता आला असता. नाही काढला.

रविवारी सकाळी एकदा ती गेली. त्याच रविवारी तिथे वेस्टफिल्डच्या फेअरव्ह्यू दफनभूमीत, वडिलांच्या शेजारी, तिला पुरलं. दुपारच्या रिपीटमधून आमच्या वरिष्ठांनी क्लिप काढायला लावली. “मेलेल्या बाईची चेष्टा वाटते,” असं त्यांचं मत होतं. चेष्टा आठवडाभर पट्टीवर चालली होती तेव्हा त्यांना वाटली नव्हती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. क्लिप निघाली ती निघालीच.

मला राग त्यांचा नाही, प्रोड्यूसरचा तर नाहीच. सतावतो तो तिचा प्रश्न. व्हिटनीला स्वतःला विचारलं असतं तर? आवाजाबद्दल इतकी काटेकोर बाई, त्या फाटक्या सुरांना तिने परवानगी दिली असती का? कॉस्टनरने सांगितलेली ती धाकधूक खरी असेल तर कदाचित नसतीच दिली. मग तिच्या श्रद्धेची साक्ष म्हणून मी नेमकी तीच गोष्ट पुढे केली, जी ती कुणाला ऐकू देऊ इच्छित नसेल. दुसरीकडे, ती स्टेजवर आपणहून गेली होती. तिथे जमलेले सगळे संगीतातले जाणकार. तिचा गळा कसा झालाय हे त्यांना कळणार, हे तिलाही कळत होतं. तरी गायली. दोन्ही बाजू मला तितक्याच खऱ्या वाटतात आणि मी एकीवर ठरत नाही.

२०१५ मध्ये मुलगी बॉबी क्रिस्टिना गेली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ९१ व्या वर्षी सिसी गेली. सिसीच्या वेळी डेस्कवरच्या नव्या मुलाने व्हिटनीचा बाइट मागितला. दोन्ही क्लिपा पाठवल्या. त्याने १९९२ ची घेतली, अर्ध्या मिनिटाच्या बातमीला तीच बरोबर होती. दुसरी कशाची आहे असं त्याने विचारलं, मी सांगितलं. “ही पूर्ण ऐकायला हवी, अशी मध्येच घालता येणार नाही,” तो म्हणाला आणि स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन गेला.