तुम्ही विचारलंत म्हणून: आधी दार

"नाटकाचा सेट डिझाईन करताना आधी काय सुचतं हो, रंग की फर्निचर?" हे मला इतके जण विचारतात की एकदा लिहूनच टाकतो. दोन्ही नाही. आधी दार. स्क्रिप्ट वाचताना मी मार्जिनमधे नुसतं लिहीत जातो, कोण कुठून आला आणि कुठे गेला, कारण दार चुकीच्या जागी पडलं की चिडून आलेल्या पात्राला सोफ्याला वळसा घालून पुढे यावं लागतं आणि तोवर त्याचा राग पार थंड झालेला असतो.

दार शक्यतो विंगेकडे, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या न दिसणाऱ्या जागेकडे उघडणारं, आत उघडलं तर स्टेजची जागा खातं. आणि दाराच्या मागे एक फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सपाट सुटा तुकडा, हवाच, नाहीतर पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या माणसाला मोबाईल बघत उभा असलेला पुढच्या सीनचा नट दिसतो.

माझ्या सुरुवातीच्या एका सेटवर मुलगा भांडून दार आपटून जातो आणि अख्खी भिंत, वरच्या फोटोसकट, डुलायला लागली. लोक हसले. सगळ्यात गंभीर सीन होता तो! तेव्हापासून चौकट फ्लॅटपासून सुटी ठेवतो, तिला मागून वेगळा टेकू आणि टेकूवर वजन.

मग मॉडेल, बहुतेक 1:25 चं, म्हणजे खऱ्या सेटच्या पंचविसाव्या भागाएवढं. त्यात 7 सेंटीमीटरचा पुठ्ठ्याचा माणूस उभा करायचाच, त्याच्याशिवाय मॉडेल गोड दिसतं आणि फसवतं. इटलीत विचेंझाला 1585 साली उघडलेल्या तेआत्रो ऑलिंपिको या नाट्यगृहात लाकडी रस्त्यांचा सेट अजून उभा आहे, पर्स्पेक्टिव्हसाठी, म्हणजे रस्ता लांबवर गेल्यासारखा वाटावा म्हणून घरं मागे मागे लहान होत जातात, बघायला अफाट, पण नट त्या रस्त्यात आत चालत गेला की घरांपुढे राक्षस दिसणार. अडोल्फ आपिया (1862–1928) या स्विस सेट डिझायनरचं म्हणणंच ते होतं, की नटाला लांबी-रुंदी-खोली आहे आणि मागचा पडदा सपाट, जमणार कसं? म्हणून त्याने पायऱ्या, लेव्हल्स (उंच-सखल चौथरे) आणि उजेड घेतला. मी त्याच्याच पार्टीतला, रंगवलेला पडदा मला फारसा झेपत नाही.

फर्निचर तालमीत ठरतं, जमिनीवर टेप मारून, कारण नट कुठे टेकतो ते तिथेच कळतं. आणि रंग? लाइटवाल्याशी बोलल्याशिवाय ठरवतच नाही. त्याने निळा टाकला की माझी लाल भिंत काळी पडते आणि शिव्या मला बसतात.