"त्या लोकांचं कल्चरच तसं" म्हणजे नेमकं कसं?

नागपुरात कॅन्सरच्या वॉर्डात जरा वेळ बसलं की हे वाक्य कानावर पडतंच, "अरे त्या लोकांचं कल्चरच तसं आहे, शेवटी शेवटी पेशंट उचलून गावाला नेतात, ऐकतच नाहीत." त्या लोकांचं म्हणजे कधी गडचिरोलीकडचे गोंड-माडिया, कधी मोमीनपुऱ्यातले मुस्लिम, कधी बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले. मी एका पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात दुखणं-त्रास कमी करायचं काम) टीमसोबत व्हॉलंटियर म्हणून होम व्हिजिटला जाते, डॉक्टर नाही न नर्सही नाही, बॅग उचलणारी आणि घरच्यांशी बोलत बसणारी, आणि मला ह्या वाक्याचा आता खरंच वैताग आलाय.

गडचिरोलीतल्या भामरागडकडचे एक माडिया आजोबा होते. खर्रा, म्हणजे आपला तंबाखू-सुपारीचा घोटा, अजून काय, विदर्भात तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट तिथूनच सुरू होते. गालाला आरपार जखम, वास इतका की वॉर्डात बाजूचे लोक तोंड फिरवून बसायचे. हॉस्पिटलनं सुट्टी देताना मुलाला एवढंच सांगितलं, "घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे काय करायचं ते नाही. मुलाला मराठी कामापुरती येते, आजोबांना अजिबात नाही. भाड्याच्या खोलीत आमच्या सिस्टरनं त्याला मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पावडर जखमेवर कशी भुरकायची ते दाखवलं, काही दिवसांत वास उतरला आणि दारात उभा राहणारा नातू आजोबांच्या चटईवर येऊन बसायला लागला. साधी, स्वस्त गोळी आहे ही, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पण सुट्टीच्या कागदावर तिचं नाव नव्हतं.

मग ते गावाला गेले. जाणारच ना! इथे जीव गेला तर शववाहिकेचं भाडं कोण देणार, शिवाय माती द्यायला गोतावळा लागतो, आणि त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात तो गावाच्या शिवारात, नागपुरातल्या भाड्याच्या खोलीसमोर नाही. ह्यात न ऐकण्यासारखं काय आहे? अडचण पुढे आहे. मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या दुखणं उतरवायच्या औषधाची, साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते, स्टॉक संपला की पुन्हा कुठे जायचं? नागपूरहून गडचिरोली शहरच दीडशेहून जास्त किलोमीटर, भामरागड त्याच्याही कितीतरी पुढे. १९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची एवढी भानगड झाली की बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं झालं, पण मान्यता मागायला कोणी हॉस्पिटलवाला पुढे तर यायला पाहिजे. शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते बरं का, मंदसौर-नीमचला. लोक औषध नाकारत नाहीत हो, औषधच तिथवर पोचत नाही न आपण म्हणतो कल्चर.

फरक नसतातच असं मी म्हणत नाही. मोमीनपुऱ्यात एका खालांचा मुलगा मॉर्फिनची गोळी गुपचूप अर्धीच द्यायचा, खाला रात्रभर कण्हायच्या. कारण कळायला बराच चहा प्यावा लागला. त्याला भीती होती की अम्मी गुंगीत गेली तर शेवटचा कलमा कसा पढणार. डॉक्टरांनी समजावलं की सुरुवातीची झोप काही दिवसांत कमी होते, दुखणं उतरलं तर उलट नीट बोलता येईल, मौलानांनीही सांगितलं की इलाजासाठी चालतं, आम्ही पलंग फिरवून खालांचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून दिलं, झालं काम. हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

आणि १९५६ ला आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेलेल्या एका आजींच्या तोंडात कोणीतरी चांगल्या मनानं गंगाजल घातलं, तेव्हा लेकीनं जे काय ऐकवलं! तिला त्रिशरण-पंचशील म्हणायचं होतं. ज्या गावात दीक्षाभूमी आहे तिथे ही गत, बाकी ठिकाणचं काय सांगू.

बरं, "पेशंटला सांगू नका" हा हट्ट फक्त "त्या लोकांचा" आहे का? आमच्या घरी बाबांसमोर कॅन्सर शब्द कोणी काढला नाही, फाईलवरचं नावसुद्धा हातानं झाकायचो, तेव्हा सगळे म्हणाले किती काळजी घेतात. तेच गोंडांच्या पोरानं केलं की अडाणीपणा. मजा बघा, इंग्लंडमध्ये, जिथे १९६७ ला लंडनला सिसिली सॉन्डर्सबाईंनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांना सांभाळणारी जागा, काढून ह्या कामाला आजचं रूप दिलं, तिथे आपल्याकडच्या लोकांबद्दल हेच बोललं जातं, की एशियन फॅमिल्या आपल्या म्हाताऱ्यांचं घरीच बघतात, त्यांना हॉस्पिस नको असतं. न विचारताच ठरवलेलं. त्यावर तिथे अभ्यास झाले तर कळलं की कित्येकांना अशी सोय आहे हेच माहीत नव्हतं, भाषेची अडचण वेगळीच.

मी पाहिलेल्या केसपेपरवर धर्माचा रकाना असतो, घरी कोणती भाषा बोलता हा नसतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, मग हॉस्पिटलला दुभाषा कुठून येणार. आमच्या टीमनं शेवटी आदिवासी होस्टेलमधला एक पोरगा शोधला. तो आला तेव्हा ते माडिया आजोबा गावाला जायचे होते अजून, आणि पहिल्यांदा कळलं की ते मॉर्फिनची गोळी आपल्याला संपवायचं औषध समजून राहिले होते, म्हणून थुंकायचे. दुसरी मागणी मोहाच्या दारूची होती, दोन घोट, सिस्टर लाल झाली, डॉक्टर म्हणाले जखमेला झोंबेल, पण मागत असतील तर देऊ द्या.

नागपुरात असे होस्टेलवाले पोरं-पोरी ढिगानं आहेत, गोंडी येणारे, छत्तीसगढी येणारे. हॉस्पिटलांनी त्यांना बोलवावं, आणि फुकटात नाही, ऑटोचं भाडं आणि तासाचे पैसे देऊन.